हातोडाफेकीची वेगळी फीड: माणूस अस्सल, कॅमेरा आंधळा

ज्या ॲपबद्दल लिहितेय त्याचं नाव देत नाही. खाली तक्रारी बऱ्याच आहेत आणि मला कुणाच्या कस्टमर केअरशी हुज्जत घालत बसायचं नाही. ॲथलेटिक्स नियमाने बघणारे ओळखतीलच. मोठ्या स्पर्धांच्या दिवसांत हे ॲप दोन प्रकारचं प्रक्षेपण देतं. एक मुख्य, ज्यात सगळं थोडंथोडं. आणि दुसरी फील्डची, म्हणजे उड्या आणि फेकींची फीड, ज्यात एकच प्रकार पहिल्या फेकीपासून शेवटच्या फेकीपर्यंत सलग. हातोडाफेकीच्या फीडवर एक निवृत्त हातोडाफेकपटू इंग्रजीत समालोचन करतो. जोडीला कुणी नाही, एकटाच. मी पैसे भरते ते या माणसासाठी. बाकीचं ॲप फुकट दिलं असतं तरी मी उघडलं असतं की नाही, शंका आहे.

आधी माझी बाजू सांगून टाकते. तरुणपणी हातोडा फेकलाय, नाव घेण्यासारखा नाही. आता फेकीच्या स्पर्धांना पंच म्हणून उभी राहते. पांढरा झेंडा, लाल झेंडा, खुंटी, मोजणी. तेव्हा हे परीक्षण तटस्थ आहे असा दावा नाही. पण टीव्हीवर या खेळाची जी आबाळ चालते ती माझ्याइतकी कुणाला टोचत नसेल, म्हणून लिहितेय.

आबाळीची कारणं खोटी नाहीत. डायमंड लीग या ॲथलेटिक्सच्या मोठ्या वार्षिक मालिकेत गुणांच्या प्रकारांत गोळा आहे, थाळी आहे, भाला आहे, हातोडा नाही. पुरुषांचा हातोडा म्हणजे तारेच्या टोकाला लोखंडी गोळा, दुसऱ्या टोकाला हँडल, सगळं मिळून ७.२६ किलो. तो ऐंशी मीटरवरून येऊन आदळला की हिरवळीत खड्डा पडतो, आणि बहुतेक स्टेडियममध्ये ती हिरवळ फुटबॉलवाल्यांची असते. फेकीच्या वर्तुळाभोवतीचा पिंजरा उंच, जाळी जाड, फोटो नीट येत नाही. म्हणून कितीतरी स्पर्धांत हातोडा शेजारच्या सराव मैदानावर, प्रेक्षक यायच्या आत उरकून घेतात. ऑलिंपिकमध्ये आणि जागतिक स्पर्धेत आत घेतात खरं, पण मुख्य प्रक्षेपणात वाटा किती? पंधराशे मीटरची उपांत्य फेरी, मग उंच उडी, मग कुणाची तरी मुलाखत, आणि मग ‘दरम्यान हातोडाफेकीत...’ म्हणत दहा मिनिटांपूर्वीची एक फेक दाखवायची. आपल्याकडे नीरज चोप्रामुळे घराघरांत भाला कळायला लागला. हातोड्याच्या नशिबी अजून तसं कुणी आलेलं नाही.

समालोचकांच्या खोलीतही धावपटूंचीच गर्दी. बीबीसीचंच घ्या. ब्रेंडन फॉस्टर १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरचं ब्राँझ घेऊन आलेले, आणि ते त्या ऑलिंपिकमधलं ब्रिटनचं ॲथलेटिक्समधलं एकमेव पदक. स्टीव्ह क्रॅम यांनी १९८५मध्ये मैलाचा विश्वविक्रम केलेला. स्टुअर्ट स्टोरी अडथळ्यांच्या शर्यतीचे. त्या रांगेत पॉल डिकेन्सन हातोडावाले. माँट्रियल आणि मॉस्को अशी दोन ऑलिंपिक खेळून त्यांनी माइक धरला, आणि फेकीचे प्रकार ब्रिटिश प्रेक्षकांच्या घरात नेले. ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’मध्ये दगड उचलणारे आणि ट्रक ओढणारे पैलवानही त्यांच्याच वाट्याला आले. वजनदार माणसांबद्दल बोलायचं तर वजन उचललेला माणूस हवा, असा कुणीतरी तेव्हा साधा विचार केला असावा. तसा विचार करणारे निर्माते कमी.

आमच्या फीडवरचे गृहस्थ याच कुळातले. त्यांचं नाव पडद्यावर येत नाही, ही माझी पहिली तक्रार. धावण्याच्या शर्यतीला समालोचकांची नावं, जुनी पदकं, हसरे फोटो सगळं झळकतं. इथे फीड सुरू होते ती थेट रिकाम्या वर्तुळावर आणि एक खर्जातला आवाज बोलत असतो. स्वतःचं नाव ते सुरुवातीला एकदा पुटपुटतात, तेवढ्यात ॲपची जाहिरात लागलेली असते. माणूस हातोडावाला आहे हे मात्र पाच मिनिटांत कळतं. एका फेकपटूने वर्तुळात जाण्याआधी बोटांना खडू लावला, डाव्या हातातला चामडी ग्लोव्ह ओढून घट्ट केला, हँडलमध्ये बोटं अडकवून बघितली, सोडली, पुन्हा अडकवली. यावर ते म्हणाले की याच्या तर्जनीची कातडी गेलेली दिसते, आज हा शेवटच्या दोन फेकी नीट टाकणार नाही. त्याने खरंच टाकल्या नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला हे दिसत नाही.

आता मुख्य गोष्ट. हातोडा सुटला की जमिनीवर पडेपर्यंत साधारण चार सेकंद हवेत असतो. समालोचक किती पाण्यात आहे ते या चार सेकंदांत कळतं. ज्याला खेळ माहीत नाही तो या वेळात ‘वा, मोठी वाटतेय!’ म्हणतो, कारण हवेत असताना सगळ्याच मोठ्या वाटतात. मग गोळा पडतो, विश्वविक्रमाची रेघ दिसते, फलकावर आकडा येतो, आणि आकडा वाचून तो आनंद किंवा हळहळ व्यक्त करतो. आमचे गृहस्थ हातोडा सुटायच्या आधीच बोलून मोकळे होतात. दुसऱ्या टर्नला, म्हणजे फेकपटूच्या गिरकीला, ‘उशीर झाला’, तिसऱ्याला ‘आता हाताने ओढतोय’, आणि हातोडा आभाळात असताना ‘शहात्तर, फार तर सत्त्याहत्तर, डावीकडे’. डावीकडेच पडतो. माझा भाचा शेजारी बसून बघत होता. तो म्हणाला, “मावशी, यांना आधीच कळवलेलं असतं का?” मी म्हटलं, “अरे, ते पाय बघतात. तू गोळा बघतोयस.”

हे थोडं उलगडून सांगते, कारण त्यांच्या समालोचनाची सगळी किंमत यातच आहे. वर्तुळ २.१३५ मीटर व्यासाचं. उजव्या हाताचा फेकपटू मैदानाकडे पाठ करून उभा राहतो, डोक्याभोवती हातोडा दोनदा फिरवून घेतो आणि मग स्वतः फिरायला लागतो, तीन किंवा चार टर्न. डावा पाय जमीन सोडत नाही. टाच, मग चवडा, असा तो जागेवर वळत वळत पुढे सरकतो. उजवा पाय उचलतो आणि टेकतो. दोन्ही पाय जमिनीवर असतात तेवढाच काळ हातोड्याला जोर लावता येतो. म्हणजे उजवा पाय जितक्या लवकर टेकेल तितका जोर लावायला अवधी जास्त. पाय उशिरा टेकला की माणूस घाबरून खांद्याने, हाताने खेचायला लागतो, तार ताणलेली राहायच्या ऐवजी हात कोपरात वाकतो, त्रिज्या कमी होते आणि वेग गेला. चार टर्न मिळून दोन सेकंदांच्या आसपासचा खेळ. त्यात शेवटच्या टर्नला पाय उशिरा पडला की सोडायलाही उशीर, आणि उशिरा सुटलेला हातोडा डाव्या जाळीच्या दिशेने जातो. एवढं सगळं डोळ्यांत मुरलेलं असेल तर ‘शहात्तर, डावीकडे’ म्हणायला ज्योतिष लागत नाही.

आणि ते चुकतातही. एका फेकीला त्यांनी एकोणऐंशी सांगितले, आकडा आला चौऱ्याहत्तरच्या घरातला. दुसरा कुणी असता तर विषय बदलला असता. यांनी रिप्ले मागून घेतला (निर्मात्याने दिला, हे विशेष) आणि दाखवून दिलं की सोडण्याचा कोन फार खाली होता. चांगल्या फेकीत तो चाळीस अंशांच्या आगेमागे असतो. वेग बघून आपण फसलो, कोन बघितलाच नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. त्या एका मिनिटात नव्या माणसाला जेवढं शिकता आलं असेल तेवढं मुख्य प्रक्षेपणातल्या अख्ख्या संध्याकाळी मिळत नाही.

दुसरी जमेची बाजू म्हणजे गप्प बसणं. खेळाडू वर्तुळात शिरला की टर्नवरच्या त्या एकदोन शब्दांपलीकडे हे बोलत नाहीत. पिंजऱ्याजवळ लावलेल्या माइकमधून मग जे ऐकू येतं त्यासाठी मी हेडफोन लावते. बुटाचा सिमेंटवर घासल्याचा आवाज, प्रत्येक टर्नला वाढत जाणारा तो ‘हुश्श’, सुटताना फेकपटूची आरोळी, आणि फसलेल्या फेकीत जाळीत गोळा अडकल्याचा थड्ड आवाज. ऐंशी मीटरच्या पुढच्या फेकीत गोळा सुटतो तेव्हा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर असतो आणि तारेतून फेकपटूला तीनशे किलोच्या वर ओढ बसत असते. हा आकडा त्यांनी स्पर्धेत एकदाच सांगितला, पुन्हा नाही. पुन्हा सांगायची गरजही नाही, कारण पुढच्या फेकीला ती ओढ आपल्याला दिसायला लागते, फेकपटू मागे रेलून बसल्यासारखा का फिरतो ते कळतं.

मोजणी चालू असताना मात्र ते बोलतात, आणि मोजणीला वेळ लागतोच. सेक्टरमधला, म्हणजे गोळा पडायच्या पट्ट्यातला पंच गोळ्याने केलेल्या खुणेत वर्तुळाच्या सर्वांत जवळच्या कडेला खुंटी लावतो, तिच्यावरच्या प्रिझमवरून यंत्र अंतर घेतं, सेंटीमीटरच्या खालचं सोडून दिलं जातं. या रिकाम्या वेळात त्यांचा खजिना उघडतो. आवडता विषय अर्थातच श्टुटगार्ट, ३० ऑगस्ट १९८६, युरोपीय स्पर्धेची अंतिम फेरी. युरी सेदिखचा ८६.७४ मीटरचा विश्वविक्रम. त्याच स्पर्धेत सर्गेई लित्विनोव्हने ८५.७४ फेकले आणि त्याला रौप्यावर समाधान मानावं लागलं. जगात आजही मोजक्यांनाच जमेल असं अंतर, आणि ते हरण्याचं अंतर. सेदिख तीन टर्नवाला, लित्विनोव्ह चार. चार टर्नमध्ये वेग वाढवायला जास्त वाव, ही सर्वसाधारण समजूत. आणि विक्रम तीनवाल्याच्या नावावर, तोही अजून कुणी मोडलेला नाही. सेदिखचा गुरू अनातोली बोंदारचुक स्वतः १९७२चा ऑलिंपिक विजेता. १९७६ला माँट्रियलमध्ये शिष्याने सुवर्ण घेतलं तेव्हा गुरू त्याच स्पर्धेत ब्राँझवर होता. हा किस्सा सांगताना गृहस्थांचा आवाज बदलतो. मला दर वेळी आवडतो, पण दर वेळी म्हणजे खरंच दर वेळी सांगतात.

महिलांच्या हातोडाफेकीबद्दल त्यांची जाण पुरुषांइतकीच पक्की आहे, याचं मला सुखद आश्चर्य वाटलं. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी जणांना हा प्रकार बायकांना झेपणार नाही असं वाटायचं, आणि ऑलिंपिकमध्ये तो यायला २००० साल उजाडलं. सिडनीत पोलंडची कामिला स्कोलिमोव्स्का सतरा वर्षांची होती आणि ७१.१६ मीटर फेकून ती पहिली विजेती झाली. २००९मध्ये ती गेली. तिच्या देशाची अनिता व्लोदार्चिक तिचा ग्लोव्ह घालून फेकायची, आणि २०१६मध्ये वॉर्सात ८२.९८ मीटरचा विश्वविक्रम झाला तो स्कोलिमोव्स्काच्याच स्मृतिस्पर्धेत. हे सांगताना गळा काढायची सोय होती. त्यांनी तारखा आणि अंतरं दिली आणि लगेच पुढच्या फेकपटूच्या डाव्या टाचेवर आले. मला ही पद्धत पटते. महिलांचा हातोडा चार किलोचा. हलका असल्याने फिरण्याचा वेग वेगळा, चुकीची शिक्षा वेगळी. तेही ते पुरुषांच्या मापाने न मोजता स्वतंत्रपणे समजावतात. २०२४ला पॅरिसमध्ये कॅनडाने दोन्ही सुवर्णं नेली, ईथन कॅट्झबर्ग आणि कॅमरिन रॉजर्स. कॅट्झबर्गने पहिल्याच फेकीत ८४.१२ टाकून बाकीच्यांचा दिवस संपवला होता. या दोघांची शैली शेजारी ठेवून ते जे बोलतात ते प्रशिक्षकांनी लिहून घ्यावं असं असतं.

आता उणं. सगळ्यात मोठं म्हणजे उत्तेजकांचा विषय आला की या माणसाला एकदम मोजणीची घाई होते. १९८०च्या दशकात स्पर्धेबाहेरच्या चाचण्यांची आजच्यासारखी व्यवस्था नव्हती, आणि त्या काळातल्या फेकीच्या आकड्यांभोवती शंका फिरत राहते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. ८६.७४वर त्यांनी जितका वेळ खर्च केला त्याचा दहावा हिस्सा तरी यावर घालवायला हवा होता. २००४ला अथेन्समध्ये हंगेरीचा आद्रियान आन्नुश पहिला आला, पुढच्या चाचणीला नमुना दिला नाही म्हणून बाद झाला, आणि जपानच्या कोजी मुरोफुशीला सुवर्ण मिळालं. हे ते एका वाक्यात उरकतात आणि मुरोफुशीच्या वडिलांकडे वळतात, ज्यांनी आशियाई खेळांत ओळीने पाच सुवर्णं घेतली होती. व्लोदार्चिकचं लंडन २०१२चं सुवर्णसुद्धा तिला मैदानात मिळालं नव्हतं. रशियाची तात्याना लिसेंको बाद झाल्यावर, काही वर्षांनी, व्लोदार्चिकच्या रौप्याचं सुवर्ण झालं. व्यासपीठावर दुसऱ्या पायरीवर उभं राहून राष्ट्रगीत दुसऱ्याचं ऐकलेल्या बाईबद्दल बोलायला फेकपटूइतका लायक कोण? तिथेच गप्प. खेळावरचं प्रेम समजू शकते मी, पण प्रेक्षकाला ती माहिती हवी असते आणि ती न दिल्याने शंका कमी होत नाहीत, उलट समालोचकावरचा विश्वास कमी होतो.

दुसरं, धावपटूंना टोमणे. ‘तिकडे काही जण गोल गोल पळताहेत’ हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले. फेरीगणिक ऐकून कंटाळा येतो. हातोडावाल्यांच्या मनात ही सल आहेच, माझ्याही आहे, पण ती प्रेक्षकांच्या गळ्यात कशाला? तिसरं, अगदी नवखा माणूस पहिल्या वीस मिनिटांत हरवतो. वर्तुळ कुठल्या बाजूने सोडायचं, पिंजऱ्याचं दार मध्येच डावीकडून उजवीकडे का हललं, असल्या प्राथमिक गोष्टी ते सांगत नाहीत. त्यांच्या मते त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. नाहीत हो. मागच्या अर्ध्या वर्तुळातूनच बाहेर पडायचं, नाहीतर उत्तम फेकसुद्धा फाऊल; आणि दार हलतं ते डाव्या हाताचा फेकपटू आला की. दोन वाक्यं लागतात. ती सुरुवातीला टाकली असती तर माझ्या भाच्याने मला इतकं छळलं नसतं.

पंच म्हणून एक खास तक्रार. लाल झेंडा वर गेला की हे गृहस्थ पंचांवर घसरतात. वर्तुळाच्या लोखंडी कड्याच्या वरच्या कडेला बुटाचा पुढचा भाग लागला की फाऊल, मग तो नखभर का असेना. ते बघण्यासाठी पंच वर्तुळाच्या बाजूला वाकून उभा असतो आणि त्याला गोळा कुठे गेला हे कळतही नाही. स्टुडिओत बसून, मागून घेतलेल्या शॉटवरून, ‘मला तर काही दिसलं नाही’ म्हणणं सोपं आहे. कॅमेऱ्याला दिसलं नाही कारण कॅमेरा तिथे नव्हताच.

आणि आता कॅमेऱ्यावरच येते, कारण या सेवेचं खरं वाटोळं तिथे आहे. समालोचक ओरडून सांगतोय पाय बघा, आणि दिग्दर्शक दाखवतो आभाळ. पिंजऱ्यामागून घेतलेला शॉट, त्यात जाळीची वीण पुढे आणि माणूस मागे धूसर. तिसऱ्या टर्नला कट करून उंचावरचा कॅमेरा, जिथून फेकपटू मुंगीएवढा. सुटल्यावर गोळ्याचा पाठलाग, तोही ढगांवर राखाडी गोळा, म्हणजे दिसतं काहीच नाही. ज्या दोन सेकंदांबद्दल हा माणूस बोलतोय ती दोन सेकंद फीडवर धड दिसत नाहीत. स्लो मोशन दाखवतात तेव्हा बाजूने, गुडघ्याच्या उंचीवरून घेतलेला एक सुंदर शॉट असतो. म्हणजे तो कॅमेरा तिथे आहे! मग थेट फेकीला तोच का वापरत नाहीत, हे कोडं मला उलगडलेलं नाही. शेवटच्या फेऱ्यांत एकदा तो शॉट थेट लागला, बहुधा चुकून, आणि तेवढ्या एका फेकीला समालोचन आणि चित्र एकत्र चाललं. उजवा पाय टेकला, ‘वेळेवर’ असा शब्द आला, पुन्हा टेकला, ‘वेळेवर’, सुटला, ‘ऐंशी’. फलकावर ८०च्या पुढचा आकडा आला. स्पर्धेत एकदाच.

ॲपचं म्हणाल तर रडगाणं मोठं आहे, थोडक्यात आटोपते. फील्डची फीड शोधायला तीन पानं खाली जावं लागतं. जाहिरात कुठल्याही क्षणी येते, अगदी फेकपटू हातोडा डोक्यावर फिरवत असताना, आणि संपते तेव्हा तो वर्तुळाबाहेर टॉवेलने हात पुसत असतो. स्पर्धा संपल्या संपल्या फीड बंद. निकालावर हरकत घेतली गेली असेल, मोजणी पुन्हा होत असेल, तरी यांचा पडदा काळा. पदकाचा निर्णय मी निकालपत्रकात वाचला. इतके पैसे घेऊन तोंडाला पानं पुसायची म्हणजे कमालच. रेकॉर्डिंग पुढे काही दिवस मिळतं, पण त्यावरचं समालोचन गाळलेलं असतं, नुसता मैदानातला आवाज. ज्या एका गोष्टीसाठी मी पैसे भरते तीच नेमकी साठवून ठेवत नाहीत.

कुणी घ्यावं? फेकीचा सराव करणाऱ्या मुलामुलींनी, आणि त्यांच्या प्रशिक्षकांनी तर नक्कीच. चित्र मोठ्या पडद्यावर, आवाज हेडफोनवर, आणि शक्यतो वही जवळ. पात्रता फेरीही सोडू नका. तिथे तिसाव्या क्रमांकाचा फेकपटू नेमका कुठे चुकतो हे ते पदकवाल्यांपेक्षा जास्त मन लावून सांगतात, आणि आपल्या चुका तिसाव्या क्रमांकाच्याच जास्त जवळच्या असतात. नुसती संध्याकाळची करमणूक हवी असेल तर मुख्य प्रक्षेपण पुरे आहे, त्यात मुलाखती पण असतात. समालोचनाला पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो उत्तेजकांवरच्या मौनासाठी. कॅमेऱ्याला दोन. ॲपला एक, तोही ही फीड सुरू करायचं कुणाला तरी सुचलं म्हणून. पुढच्या मोठ्या स्पर्धेआधी त्या गुडघ्याच्या उंचीवरच्या कॅमेऱ्याला थेट फेकीची परवानगी द्या आणि त्या गृहस्थांचं नाव पडद्यावर टाका.